तिजोरीची किल्ली आणि दवाखान्याचे दार

कायदा बदलायचा म्हटला की त्यावर वादंग होतो, न्यायालयात दाद मागता येते. अंदाजपत्रकातील एखादा आकडा मात्र फारसा आवाज न करता खोडला जातो. तो खोडल्याने कोणाच्या जीवनात काय उलथापालथ होते, हे अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या अलीकडील इतिहासातून स्पष्ट दिसते.

डिसेंबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी कुटुंबनियोजनाच्या सेवांसाठी केंद्रीय निधी उभारणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पोप सहावे पॉल यांचे ‘ह्युमाने व्हिटे’ हे परिपत्रक त्यापूर्वी दोनच वर्षे प्रसिद्ध झाले होते. कृत्रिम संततिनियमनाबाबत ख्रिस्तसभेने तेथे घेतलेली भूमिका आपणांस परिचित आहे. या निधीतील पैसा कुटुंबनियोजनाचे साधन म्हणून गर्भपातासाठी वापरता येणार नाही, अशी अट मूळ कायद्यातच होती. तरीही एक प्रश्न उरला. जी संस्था वेगळ्या पैशातून गर्भपाताची सेवा देते, तिला अन्य कामांसाठी तरी सरकारी पैसा द्यावा काय?

टेक्सासच्या विधिमंडळाने २०११ साली या प्रश्नाचे उत्तर कात्रीने दिले. दोन वर्षांसाठीची कुटुंबनियोजनाची तरतूद सुमारे ११ कोटी डॉलरवरून सुमारे ३ कोटी ८० लाखांवर आणली. उरलेला पैसा वाटताना केवळ कुटुंबनियोजनाचे काम करणाऱ्या केंद्रांना सर्वांत शेवटचे स्थान दिले. रोख ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड’ या संस्थेवर होता. प्रत्यक्षात राज्यातील सुमारे एकचतुर्थांश केंद्रे, म्हणजे ८२, बंद पडली किंवा त्यांनी ही सेवा थांबवली. आणि त्यांपैकी बहुसंख्य केंद्रांचा त्या संस्थेशी संबंधही नव्हता. नेम एकावर धरला, घाव अनेकांना बसला.

या केंद्रांत केवळ गोळ्या मिळत नसत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी, रक्तदाबाची तपासणी, गुप्तरोगांवरील उपचार यांसाठीही गरीब स्त्रिया तेथेच येत. आता जी केंद्रे टिकली, त्यांतील अनेकांना पूर्वी विनामूल्य असलेल्या सेवेसाठी शुल्क आकारावे लागले.

२०१३ च्या आरंभी राज्याने ‘प्लॅन्ड पॅरेंटहूड’ला स्त्री-आरोग्य योजनेतून पूर्णपणे वगळले. ज्या जिल्ह्यांत तिची केंद्रे होती, तेथे गर्भनिरोधक इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये सरकारी खर्चाने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी वाढल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. एका खिशातील वाचलेला पैसा दुसऱ्या खिशातून गेला.

चूक उमगल्यासारखी त्याच वर्षी, २०१३ मध्ये, विधिमंडळाने तरतूद पुन्हा वाढवली. परंतु पैसा परतला म्हणून दवाखाना परतत नाही. परिचारिका अन्यत्र गेलेल्या असतात, जागा सोडलेली असते, आणि एकदा बंद दारावरून माघारी गेलेली स्त्री पुन्हा त्या वाटेने येईलच असे नाही.

गर्भपाताविषयीची आपली श्रद्धा दृढ असू शकते, असावीही. पण इतिहास आपणांस आणखी एक प्रश्न विचारतो: कर्करोगाच्या चाचणीसाठी आलेल्या त्या मातेचे काय? एक दार बंद करण्यापूर्वी तिच्यासाठी दुसरे उघडून ठेवणे, हे विवेकाचे किमान मागणे आहे.