स्प्रिंग बूटच्या तळाशी असलेला सर्व्हलेट

जावा शिकणारी मुलं आज थेट स्प्रिंग बूटपासून सुरुवात करतात. मेथडवर एक ॲनोटेशन लिहिलं, प्रोग्रॅम चालवला, की ब्राउझरमध्ये उत्तर हजर. या सोयीच्या तळाशी सर्व्हलेट आहे आणि त्याचं मूळ १९९३ सालात सापडतं.

त्या वर्षी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात, रॉब मॅककूल यांनी लिहिलेल्या वेब सर्व्हरसोबत सीजीआय ही पद्धत आली. डिस्कवरची तयार फाइल पाठवण्याऐवजी सर्व्हर आता एखादा प्रोग्रॅम चालवू शकत होता. पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढचा मजकूर प्रोग्रॅमला ‘क्वेरी_स्ट्रिंग’ या व्हेरिएबलमध्ये मिळे. त्याने हेडर छापायचं, एक ओळ कोरी सोडायची आणि मग एचटीएमएल छापायचं. बहुतेक जण हे पर्लमध्ये लिहीत. अडचण एकच होती: प्रत्येक विनंतीला नवी प्रोसेस. गिऱ्हाईक आलं की चूल मांडायची, एक ताट वाढायचं आणि चूल मोडायची! गर्दी वाढली की सर्व्हरची दमछाक होई.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये पावनी दिवाणजी यांनी यावर सर्व्हलेट घडवला. मे १९९६ च्या पहिल्या जावावन परिषदेत त्याची घोषणा झाली आणि जून १९९७ मध्ये पहिली आवृत्ती पक्की झाली. सर्व्हलेट एकदाच मेमरीत चढतो, तेव्हा ‘इनिट’ चालते. पुढे प्रत्येक विनंती स्वतंत्र थ्रेडवर ‘सर्व्हिस’मधून ‘डूगेट’ किंवा ‘डूपोस्ट’कडे जाते. निरोपाला ‘डिस्ट्रॉय’.

या वेगाची किंमत शिकणाऱ्याने ओळखलीच पाहिजे. ऑब्जेक्ट एक, थ्रेड अनेक. खातेदाराचं नाव क्लासच्या फील्डमध्ये ठेवलं, की दोन विनंत्या एकाच वेळी येताच एकाचं नाव दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतं. तेच नाव मेथडच्या आत लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवलं, की हा धोका टळतो.

सनमधल्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला सर्व्हलेट कंटेनर १९९९ मध्ये अपाची फाउंडेशनकडे गेला आणि टॉमकॅट म्हणून सर्वांना मोफत मिळाला. त्याच डिसेंबरात सनने सर्व्हलेट, जेएसपी आणि ईजेबी यांची मोट जे२ईई नावाखाली बांधली. तिचं ओझं खटकल्यामुळे रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातल्या कोडमधून स्प्रिंग उभं राहिलं. २००४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. २०१४ च्या स्प्रिंग बूटने टॉमकॅट ॲप्लिकेशनच्या पोटातच घातला.

पुढे सनला विकत घेणाऱ्या ओरॅकलने जे२ईईचा सारा संसार एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली केला आणि २०२० मध्ये पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’वरून ‘जकार्ता’ झालं. जुन्या पुस्तकातला सर्व्हलेट नव्या टॉमकॅटवर अडतो तो बहुधा इथेच.

स्प्रिंग एमव्हीसीमध्ये विनंती आधी ज्याच्या हाती पडते तो ‘डिस्पॅचरसर्व्हलेट’ आजही सर्व्हलेटच आहे. म्हणून स्प्रिंग जरूर शिका. पण त्याआधी टॉमकॅट उतरवून एक सर्व्हलेट स्वतःच्या हाताने लिहा. पुढे ॲप्लिकेशन अडलं की नेमकं कुठे पाहायचं, हे त्यातूनच कळेल.