शालेय मध्यान्ह भोजन : सातारा व सांगली परिसर

शाळेच्या मधल्या सुट्टीत विद्यार्थी जो आहार घेतात, त्यास शालेय मध्यान्ह भोजन म्हणतात. हा आहार घरून बांधून आणलेला, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातून मिळालेला किंवा शासकीय योजनेखाली शाळेतच शिजविलेला, अशा तीन प्रकारचा असतो. सातारा व सांगली या जिल्ह्यांत या तिन्ही प्रकारांचा इतिहास आढळतो. सांगली हा स्वतंत्र जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. तत्पूर्वीच्या काळात या परिसराचा विचार एकत्रच करावा लागतो. येथे दुपारच्या जेवणाचा प्रश्न केवळ पोषणाचा नव्हता. मुलाला शाळेत टिकता येईल की नाही आणि ते कोणाच्या पंक्तीला बसेल, हेही त्याच्याशी निगडित होते.

शिदोरी : शेतावर जाणाऱ्या माणसाची शिदोरी आणि शाळेत जाणाऱ्या मुलाची शिदोरी यांत फारसा फरक नसे. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत ज्वारीची वा बाजरीची भाकरी, तर पश्चिमेकडील पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागांत भात व नाचणीची भाकरी हा मुख्य आहार होता. भाकरीवर खर्डा, शेंगदाण्याची चटणी किंवा झुणका घालून, सोबत कांदा घेऊन ती फडक्यात बांधली जाई. प्रवासात न सांडणारी आणि निवली तरी खाता येणारी म्हणून ही शिदोरी सोयीची होती. संपन्न घरांत पितळेचा डबा वापरीत. मात्र कल्हई उडालेल्या डब्यात ताक, चिंच यांसारखे आंबट पदार्थ कळकतात, म्हणून कोरडे पदार्थच देण्याची दक्षता घ्यावी लागे. ॲल्युमिनियमचे व नंतर स्टेनलेस पोलादाचे डबे आल्यावर ही अडचण दूर झाली.

गावात शाळा नसलेल्या मुलांची स्थिती अधिक बिकट होती. वाई, सातारा, सांगली, मिरज अशा ठिकाणी परगावच्या गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी माधुकरीची आणि वार लावून जेवण्याची रूढ सोय होती. आठवड्याच्या प्रत्येक वारी एका घरी जेवून विद्यार्थी शिक्षण पुरे करीत. शेतकरी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या समाजांतील मुलांना अशी घरे उपलब्ध नव्हती. त्यामुळे शाळेचे दार कायद्याने उघडे असले, तरी दुपारच्या भाकरीअभावी ते अनेकांना बंदच राहिले.

अस्पृश्यतेचा जाच शाळेच्या आवारातही होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या शासकीय शाळेत दाखल झाले. शाळेत तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती व शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे, हे त्यांनी पुढे आत्मपर लेखनात नमूद केले आहे. जेथे पाणीच वेगळे, तेथे सहभोजनाचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता.

वसतिगृहातील सामाईक पंक्ती : या परिस्थितीस प्रत्यक्ष कृतीने उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी केला. कोल्हापुरात शिकत असताना राजर्षी शाहू महाराजांनी चालविलेल्या वसतिगृहांच्या कार्याचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. तथापि तेथील वसतिगृहे बहुधा एकेका जातीसाठी होती. भाऊरावांनी सहकाऱ्यांसमवेत १९१० च्या सुमारास सध्याच्या सांगली जिल्ह्यातील दुधगाव येथे विद्यार्थी आश्रम काढला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

या वसतिगृहाचे स्वयंपाकघर हेच त्याचे खरे वैशिष्ट्य होय. मुले स्वतः दळणकांडण व स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. भाकरी कोणी थापली व ती कोणी खाल्ली, यावर जातीची बंधने उभी होती. ती व्याख्यानाने सैल होण्याऐवजी रोजच्या जेवणाने सैल होऊ लागली. पालकांपैकी अनेकांना ही गोष्ट रुचली नाही. परंतु मुलगा शिकतो आणि उपाशी राहत नाही, या अनुभवापुढे विरोध हळूहळू मावळला.

वसतिगृह चालविण्यासाठी पैशापेक्षा धान्याची गरज अधिक होती. घरोघरच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढून ठेवण्याचा ‘मुष्टिफंड’ या कामी उपयोगी पडला. सुगीत गावोगावी धान्य गोळा केले जाई. स्वतः मुले शेतात व बागेत राबून भाजीपाला पिकवीत. श्रमातून अन्न आणि अन्नातून शिक्षण या सूत्रातूनच पुढे ‘कमवा आणि शिका’ योजना विकसित झाली. धान्य संपल्यावर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी मोडले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. संस्थेच्या इतिहासात देणगीदारांच्या बरोबरीने या गृहिणीचे स्थान मानले जाते, ते याच कारणामुळे.

प्रवास करणारा डबा : स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शाळांचा प्रसार झाला, तरी महाविद्यालये तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या गावीच राहिली. १९४८ मध्ये राज्य परिवहनाची प्रवासी वाहतूक सुरू झाली व पुढे ती खेडोपाडी पोहोचल्यावर एक नवी प्रथा रूढ झाली. आई पहाटे उठून भाकरी-कालवण करी, डबा कापडी पिशवीत घालून पहिल्या गाडीच्या वाहकाच्या स्वाधीन करी आणि कराड, सातारा, सांगली, मिरज येथे खोली घेऊन शिकणारा मुलगा स्थानकावर तो उतरवून घेई. रिकामा डबा परतीच्या गाडीने गावी जाई. गाडी चुकली वा बंद पडली की त्या दिवशी उपवास घडे. ग्रामीण भागातील अनेकांचे उच्च शिक्षण या डब्यावर पार पडले.

शाळेतील शिजविलेले अन्न : १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी वाटण्यात आली आणि शासनाने थेट अन्न पुरविण्याची पद्धत ग्रामीण जनतेच्या परिचयाची झाली. तमिळनाडूत मात्र शालेय भोजनाची परंपरा जुनी असून, १९५६ मध्ये कामराज यांच्या व १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकीर्दीत तिचा मोठा विस्तार झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी देशव्यापी योजना सुरू केली. महाराष्ट्रात प्रारंभी ८० टक्के उपस्थिती असणाऱ्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किग्रॅ. तांदूळ दिला जाई. तो घरी जात असल्याने सर्व कुटुंबात वाटला जाई व मुलाच्या दुपारच्या भुकेचा प्रश्न तसाच राही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिल्यानंतर ‘शालेय पोषण आहार योजने’चे स्वरूप पालटले. पुढे उच्च प्राथमिक वर्गांचाही तीत समावेश झाला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने या भोजनास कायदेशीर हक्काचे स्थान दिले आणि २०२१ मध्ये योजनेस ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ असे नाव देण्यात आले.

योजनेच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलास प्रतिदिनी १०० ग्रॅ. धान्य, २० ग्रॅ. डाळ व ५० ग्रॅ. भाजी यांपासून सु. ४५० कॅलरी व १२ ग्रॅ. प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा आहे. उच्च प्राथमिक वर्गासाठी हे प्रमाण ७०० कॅलरी व २० ग्रॅ. प्रथिने असे आहे. स्वयंपाकी व मदतनीस बहुधा गावातील गरीब स्त्रिया असतात. खिचडी, आमटी-भात, मटकीची उसळ असे पदार्थ केले जातात. सर्व मुले एका ओळीत बसून तेच अन्न खातात; शाहू बोर्डिंगमधील पंक्तीचे तत्त्व अशा रीतीने गावोगावच्या शाळांत पोहोचले. मात्र दुष्काळी तालुक्यांतील काही कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्यांच्या मुलांची शाळा सुटते तेव्हा हे जेवणही सुटते. ही योजनेची मोठी मर्यादा होय.

डब्याची आहाररचना : जुन्या शिदोरीतील भाकरी पौष्टिक होती. ज्वारीत दर १०० ग्रॅ.मागे सु. १० ग्रॅ. प्रथिने असतात, सडलेल्या तांदळात सु. ७ ग्रॅ.; शेंगदाण्यात हे प्रमाण सु. २५ ग्रॅ. असते. बाजरीतून लोहही मिळते. तथापि केवळ भाकरी व चटणी यांतून ‘अ’ व ‘क’ जीवनसत्त्वे पुरेशी मिळत नाहीत. म्हणून डब्यात धान्य, कडधान्य, भाजी व फळ असे चार घटक असणे इष्ट होय. भाकरी किंवा पोळी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची कोरडी भाजी आणि पेरू, बोरे वा केळे असा डबा या परिसरात अल्प खर्चात होतो. तासगाव भागातील थोडे बेदाणे किंवा गूळ-शेंगदाणे मधल्या वेळेस उपयोगी पडतात. उसळीवर लिंबू पिळल्याने त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. वयात येणाऱ्या मुलींत रक्तक्षय आढळत असल्याने ही साधी गोष्ट महत्त्वाची ठरते. शिजविलेला भात उबेत अनेक तास राहिल्यास बिघडतो; म्हणून उन्हाळ्यात तो डब्यात न देणे बरे.

अलीकडे पाकीटबंद तळलेले व अतिगोड पदार्थ डब्याची जागा घेऊ लागले आहेत. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय उपाहारगृहांत मेद, मीठ व साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. तरीही शाळेबाहेरच्या दुकानांचे आकर्षण कायम आहे. एकेकाळी भाकरी नव्हती म्हणून मुले शाळेत टिकत नसत. आता घरी भाकरी असूनही ती डब्यातून नाहीशी होत आहे. पहिला प्रश्न मूठभर धान्य देणाऱ्या गावांनी व पंक्तीस बसलेल्या मुलांनी सोडविण्यास आरंभ केला. दुसऱ्याचे उत्तर मुख्यतः घरच्या स्वयंपाकघरातच शोधावे लागणार आहे.