परीकथेची साक्ष : ‘ब्रायर रोझ’ आणि जात्यावरची सीता

जेन योलेन यांच्या ‘ब्रायर रोझ’ (१९९२) या कादंबरीकडे बहुधा परीकथेचे आधुनिक रूपांतर म्हणून पाहिले जाते. तिच्यातील मूळ प्रश्न मात्र इतिहासाचा आहे : कल्पित कथेच्या आधाराने केलेल्या कथनाला साक्ष म्हणता येईल काय?

कादंबरीतील आजी नातींना निद्रिस्त राजकन्येची गोष्ट वारंवार सांगते आणि आपणच ती राजकन्या असल्याचे म्हणते. तिच्या मृत्यूनंतर नात पोलंडला जाते, तेव्हा गोष्टीतील राजवाडा खेल्म्नो येथील वाडा ठरतो. डिसेंबर १९४१ पासून नाझींनी तेथे बंद मालमोटारींत विषारी धूर सोडून दीड लाखाहून अधिक माणसे मारली. गोष्टीतील धुके हा तोच धूर. राजपुत्राचे चुंबन म्हणजे प्रेतांच्या खड्ड्यातून काढलेल्या तरुणीला तोंडाने दिलेला श्वास. आजीच्या गोष्टीत राजकन्या एकटीच जागी होते, इतर सारे निजलेलेच राहतात. परंपरागत कथेपासूनची ही फारकत हीच तिची साक्ष होय.

मराठी अभ्यासकाला ही रीत परकी नाही. गी पॉइटवाँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत शिरूर तालुक्यातील सविंदणे येथील ओव्याही आहेत. या संकलनातील सीता ही वाल्मीकीची राजकन्या उरत नाही. तिचा वनवास सासुरवास होतो, कैकेयी सासू होते आणि तिचे दुःख साऱ्या बायकांच्या वाट्याला येते. येथेही मूळ कथेशी झालेली फारकतच बोलकी आहे. वंशसंहार आणि सासुरवास यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. साम्य आहे ते केवळ कथनाच्या गरजेत.

फरक श्रोत्यांत आहे. आजीची गोष्ट घरच्यांना निव्वळ गोष्ट वाटली. जात्यापाशी बसलेल्या दुसरीला मात्र ओवीचा अर्थ सांगावा लागत नसे. शिरूर-दौंडकडे पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि तो जाणता श्रोता विखुरला. उरलेल्या ओव्या आपण ‘लोकगीते’ म्हणून वाचतो, दस्तऐवज म्हणून क्वचितच.

अशा वाचनाला मर्यादा हवी, आणि ती योलेन स्वतःच घालून देतात. खेल्म्नोतून एकही स्त्री वाचल्याचे आपल्याला ज्ञात नाही, असे त्या कादंबरीअखेरच्या टिपणात नमूद करतात. म्हणजे राजकन्येचे जागे होणे ही कादंबरीची इच्छा. इतरांचे न उठणे हा इतिहास. कथेला साक्ष मानणाऱ्या अभ्यासकाने या दोहोंमधील सीमारेषा पुसता कामा नये.