जोगलटेंभीची नाणी आणि आपली नवी खरेदी



मघाशी चहाच्या वेळी मी सगळ्या टेबलांवरून एक चक्कर मारून आलो. गेल्या काही महिन्यांत कुणी काय मिळवलं, ते तुम्ही हौसेनं मांडून ठेवलंय. एक चांदवडी रुपया आहे, तीन-चार शिवराया आहेत, पहिल्या महायुद्धाचं एक चांदीचं पदक आहे. आणि त्या खिडकीजवळच्या ट्रेमध्ये नहपानाचं एक चांदीचं नाणं आहे, ज्याच्यावर सातवाहनांचा ठसा उमटलेला आहे. ते बघून मला फार आनंद झाला. का, ते सांगतोच.

त्या ट्रेपाशी मी जरा वेळ नुसता उभा राहिलो आणि लोक काय विचारतात ते ऐकत होतो. पहिला प्रश्न ठरलेला, ‘केवढ्याला पडलं?’ दुसरा, ‘अस्सल आहे ना?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, मीही तेच विचारतो. पण ‘हे सापडलं कुठे?’ असं विचारणारा एकही माणूस मला भेटला नाही. आजचं व्याख्यान या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. आणि ते एकलहऱ्यात द्यायला मिळतंय हे एका परीनं बरंच झालं. कारण इथून गोदावरीच्या काठाकाठानं खाली गेलात, की जिथं दारणा येऊन मिळते तिथं जोगलटेंभी आहे.

सन १९०६. जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. अभ्यासकांच्या हाती त्यातली १३,२५० नाणी आली. ही सगळीच्या सगळी एका राजाची, नहपानाची. क्षहरात घराण्यातला हा क्षत्रप. त्याआधी नहपानाची नाणी इतकी मोजकी माहीत होती, की एखादं हाती लागलं तरी त्यावर लेख लिहिला जायचा. एका दिवसात दुर्मीळ नाणं मुबलक झालं. संग्राहकाच्या दृष्टीनं असा साठा सापडणं ही खरं म्हणजे वाईट बातमी असते, भाव कोसळतो. (हशा) पण इतिहासाला त्या दिवशी लॉटरी लागली.

या साठ्याचा अभ्यास रेव्हरंड स्कॉट यांनी केला आणि तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १९०८ साली छापून आला. स्कॉट यांनी मोजणी केली. १३,२५० पैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता, गौतमीपुत्र सातकर्णीचा. म्हणजे दर दहांतली सात.

आता नाणं कसं असतं ते बघा. वजन दोन-सव्वादोन ग्रॅम, आपल्या करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला राजाचं मस्तक आणि भोवती बिघडत गेलेली ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत नहपानाचं नाव. सातवाहनांनी काय केलं? नाणं आटवलं नाही. तसंच्या तसं ठेवलं आणि त्याच्यावरच एका बाजूला तीन कमानींची टेकडी नि भोवती स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जयिनीचं चिन्ह, असा ठसा हाणला. घाईनं हाणला, हे दिसतं. कुठे टेकडी नहपानाच्या गालावर आलीय, कुठे नाकाचा शेंडा आणि कपाळ खालून डोकावतंय. भिंगाखाली धरलं की दोन राजे एका नखाएवढ्या जागेत बसलेले दिसतात.

इथं कुणी म्हणेल, शत्रूचं नाणं आहे, आटवून का टाकलं नाही? व्यवहाराचा विचार करा. चांदी आटवायची तर कोळसा लागतो, मूस लागते, कारागीर लागतात, प्रत्येक खेपेला थोडी घट येते, आणि मुख्य म्हणजे वेळ जातो. बाजार तेवढा वेळ थांबत नाही. त्यात सातवाहनांची स्वतःची नाणी तोवर मुख्यतः शिशाची, तांब्याची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची. चांदीचा व्यवहार नहपानाच्याच नाण्यात चालला होता. लोकांचा विश्वास त्या नाण्याच्या वजनावर आणि कसावर होता. तो मोडायचा नाही, फक्त मालक बदलला हे सांगायचं, यासाठी ठसा पुरेसा होता. आणि ज्या अर्थी चार हजारांच्या आसपास नाणी ठशाविना त्याच साठ्यात आहेत, त्या अर्थी ज्यानं ती साठवली त्याला दोन्ही चालत होती. हा भाग मला फार बोलका वाटतो. लढाईचा निकाल लागला होता, पण साठवणाऱ्यानं दोन वेगळ्या थैल्या केल्या नव्हत्या.

लढाई झाली हे आपल्याला आधी ठाऊक होतं का? होतं. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या १९ व्या वर्षी तिनं तो कोरवून घेतला. त्यात आपल्या मुलानं क्षहरातांचा वंश निखालस संपवला असं ती अभिमानानं सांगते. पण मंडळी, तो आईनं मुलाबद्दल लिहिलेला मजकूर आहे. आई मुलाबद्दल काय लिहिणार! (हशा) लेखाला प्रशस्तीचा वास असतोच. नाण्यावरचा ठसा कुणाची स्तुती करायला मारलेला नसतो. तिथं एक सरळ हिशेब आहे. खाली नहपान, वर गौतमीपुत्र, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हे ठरलं. नहपानाचा काळ नेमका कोणता, त्याच्या लेखांतली ४१, ४२, ४५, ४६ ही वर्षं शक संवताची की आणखी कसली, यावर पुढे पुष्कळ शाई सांडली आणि अजून सांडते आहे. पण क्रमाबद्दल वाद उरला नाही.

याच लेण्यांमधला दहाव्या लेण्यातला एक लेख संग्राहकांनी जरूर वाचावा असा आहे, कारण त्यात पैसा कसा वापरला जायचा ते कळतं. नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. कुठे? गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. हे गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरच्या बाजूचं. एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजानं, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला २४० होतं. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब चोख आहे! त्याच लेखात ३५ कार्षापणांना एक सुवर्ण असा विनिमयाचा दरही आलाय.

बऱ्याच अभ्यासकांच्या मते हे कार्षापण म्हणजे नहपानाची हीच चांदीची नाणी. तसं धरलं, तर जोगलटेंभीच्या १३,२५० नाण्यांत अकराशे भिक्षूंच्या एका वर्षाच्या वस्त्रांची सोय झाली असती. ही एखाद्या शेतकऱ्याच्या घरची पुंजी नव्हे. व्यापाऱ्याची असेल, श्रेणीची असेल, खजिन्याची असेल. आणि पुरणारा ती न्यायला परत आला नाही.

आता मुद्द्यावर येतो. समजा, १९०६ साली हा साठा एकत्र राहिला नसता. समजा, पहिल्या आठवड्यात दोन हजार नाणी एका सराफाकडे, पाचशे दुसऱ्याकडे, काही मुशीत, काही बायकांच्या गळ्यात कडी लावून, असं झालं असतं. यातलं एक नाणं, ठसा असलेलं, आज आपल्या टेबलावर आलं असतं. सुंदर दिसलं असतं. पण ‘दहांतली सात’ हे वाक्य कुणालाही म्हणता आलं नसतं. ठसा असलेली आणि नसलेली एकत्र चालत होती, हे कळलं नसतं. स्कॉट यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. नाण्यांवरची मस्तकं एकसारखी नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे बाकदार नाक, कुठे सरळ. त्यावरून ही एकाच माणसाची चित्रं नसावीत, असं त्यांनी सुचवलं. ते पटो न पटो, हजारो नाणी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय हा प्रश्न सुचतसुद्धा नाही.

मग लोक साठे फोडतात का? यात नुसता लोभ नाही, कायद्याचाही भाग आहे. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. सरकारला ते घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा, एवढा मोबदला. म्हणजे २,००० वर्षांचं नाणं आणि पैंजण, दोन्ही तराजूत सारखीच. नांगराला हंडा लागलेल्या माणसाला कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या दिसतात आणि सोनार कोपऱ्यावर असतो. मी त्याचं समर्थन करत नाही, पण त्याला नुसतं चोर म्हणून आपण मोकळे झालो तर तेही खोटं आहे. त्याच्यानंतरच्या साखळीत आपण उभे आहोत.

दुसऱ्याच्या नाण्यावर राज्य चालवण्याची ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात सातवाहनांवर संपत नाही. हा चांदवडी रुपया बघा. चांदवडची टांकसाळ मराठ्यांच्या अमलात, आणि नाण्यावर नाव कुणाचं? दिल्लीच्या शाहआलमचं. इथं ठसाही मारला नाही, नावच बादशहाचं राहू दिलं. कारण तेच. रुपया चालायला हवा. अंकुशी, मल्हारशाही, चांदवडी, हाळी, प्रत्येकाचा दर निराळा आणि सराफ प्रत्येकावर आपला बट्टा लावणार. नवं नाव घालून आणखी एक बट्टा कोण ओढवून घेईल?

आणि आपलं नाशिकरोड! १९४७ साली फाळणी झाली तेव्हा नव्या पाकिस्तानकडे स्वतःची तिकिटंही नव्हती नि नोटाही नव्हत्या. राजाच्या चित्राची तिकिटं इथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये ‘पाकिस्तान’ असा शिक्का छापून तिकडे गेली. १९४८ साली रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर पाकिस्तान सरकारचं नाव छापलं गेलं, तेही इथंच. जोगलटेंभीच्या ठशाचीच ही गोष्ट, १,८०० हून अधिक वर्षांनी, त्याच नदीच्या खोऱ्यात. तिकिटं जमवणारे लोक मात्र आपल्यापेक्षा शहाणे. ‘पाकिस्तान’ हा शिक्का नाशिकला छापलाय की तिकडे कराची-लाहोरला स्थानिक पातळीवर मारलाय, हे ते अक्षराच्या वळणावरून ओळखतात आणि तसं लिहून ठेवतात. कुठे, हा प्रश्न त्यांच्याकडे पहिला.

पदकवाल्यांचं काम त्याहून सोपं. ते चांदीचं पदक हातात घ्या आणि त्याची कड फिरवा. तिथं शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण उठवलेली आहे. महायुद्धाचं हेच पदक मजूर तुकड्यांना चांदीऐवजी ब्राँझचं दिलं गेलं. एवढ्या माहितीवर माणूस शोधता येतो, तो कुठल्या आघाडीवर होता ते काढता येतं. दुःख एवढंच, की एका शिपायाची दोन-तीन पदकं असतात आणि विकणारा ती सुटी करतो. चांदीचं निराळं, ब्राँझचं निराळं, कारण तसे पैसे जास्त येतात. घरचे लोकही चांदीचं सोनाराला देतात नि ब्राँझचं पोरांना खेळायला. तरी कडेवर नाव असतं म्हणून कधीतरी ती परत एकत्र येऊ शकतात. नाण्याच्या कडेवर काहीच नसतं. ज्या पुरचुंडीत ते आलं, तीच त्याची कड.

हे मी पोटतिडकीनं का सांगतो, तर ही चूक माझ्या हातून झालेली आहे. तरुणपणी एका जुन्या पेढीचा पसारा आवरताना मला एक पुरचुंडी मिळाली. आत तांब्याच्या शिवराया, दोन-तीन रुपये आणि घडी घातलेला मोडीतला एक चिठोरा. मला तेव्हा मोडी येत नव्हती. मी काय केलं? शिवराया चिंचेच्या कोळानं घासून लखलखीत केल्या, प्रकारवार अल्बममध्ये लावल्या, रुपये दुसऱ्या अल्बममध्ये. फडकं आणि चिठोरा केरात. अल्बम बघून सगळ्यांनी शाबासकी दिली! पुढे मोडी शिकलो. आता त्या शिवराया माझ्याकडे आहेत, पण त्यांतल्या कोणत्या त्या पुरचुंडीतल्या आणि कोणत्या नंतर विकत घेतलेल्या, हे मलाच सांगता येत नाही. कुणाची पुंजी होती, कुठल्या गावची, कोणते रुपये कोणत्या शिवरायांबरोबर चालत होते, सगळं त्या कागदाबरोबर गेलं.

म्हणून हल्ली मी प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी ठेवतो. कुणाकडून घेतलं, कधी, त्यानं कुठून आलं म्हणून सांगितलं, आणि त्याच्याबरोबर त्या दिवशी आणखी काय होतं. विकणारा थाप मारत असेल तर ‘असं विकणाऱ्याचं म्हणणं’ एवढं जोडून थापही लिहून ठेवतो. दहा पाकिटांवर एकाच गावाचं नाव यायला लागलं की मग तिथं काहीतरी निघालंय हे कळतं. अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था १९८० पासून आहे, त्र्यंबकच्या रस्त्यावर. जमल्यास जाऊन तिथलं संग्रहालय बघा. एकेका साठ्याची नोंद कशी ठेवतात हे पाहण्यासारखं आहे.

तर ते खिडकीजवळचं नहपानाचं नाणं. मालकांना मी मघाशी विचारलं, हे कुठलं? ते म्हणाले, विकणाऱ्यानं सांगितलं होतं काहीतरी, सिन्नरकडचं की निफाडकडचं, घरी वहीत बघावं लागेल. वही आहे, हे ऐकूनच मला बरं वाटलं. त्यांनी ते नाणं आता भिंगाखाली ठेवलंय. डावीकडून उजेड पडला की टेकडीच्या खाली नहपानाचा कान दिसतो. रांगेनं या, आणि कृपा करून कडेनं धरा.