व्यसनमुक्ती आणि समाजाची सोबत : वऱ्हाडच्या इतिहासातील एक धागा

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड हे गाव दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकांस दोन लढायांमुळे परिचित आहे. इ. स. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासिरखानाच्या फौजेचा येथे पराभव केला. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीच्या कलहात जमालखान येथेच मारला गेला. तवारीखकारांनी या घटना नोंदविल्या. परंतु अशा गावातील एखादा व्यसनाधीन मनुष्य कोणाच्या आधाराने सावरला, हे लिहून ठेवण्याचे त्यांस प्रयोजन नव्हते. त्या इतिहासाची साधने दरबारात नव्हेत, तर लोकांच्या कीर्तनांत, प्रार्थनांत आणि अलीकडील उपचारकेंद्रांत शोधावी लागतात. रोहिणखेड ज्या वऱ्हाडात मोडते, त्या प्रांतात हा धागा बराच स्पष्ट दिसतो.

त्याचा आरंभ वारकरी संप्रदायाच्या आचारात आहे. तुळशीची माळ घालणारा मनुष्य मद्यमांस वर्ज्य करतो. ही प्रतिज्ञा व्यक्तीची असली, तरी तिला साक्षी सारा गाव असतो. दिंडी, एकादशी व भजन यांच्या योगे तिची वारंवार उजळणी होते. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) याच बळाचा उपयोग केला. त्यांचे वडील मद्याच्या आहारी जाऊन अकाली निवर्तले होते. जातीच्या रिवाजाप्रमाणे मंगलप्रसंगी दारू व मांसाचे जेवण देणे आवश्यक असता, मुलीच्या बारशास त्यांनी गोडाचे जेवण घातले. व्यसन हे केवळ एकट्याचे दौर्बल्य नसून पंगतीच्या रूढीने पोसलेले असते, हे त्यांनी ओळखले होते. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरी येथील गुरुकुंजातून सामुदायिक प्रार्थनेचा प्रसार केला. त्यायोगे गावास रोज एकत्र येण्याचे निमित्त मिळाले.

या परंपरेत एक उणीवही होती. माळ मोडणे हे पाप ठरे. पुनरपि व्यसनाकडे वळलेला मनुष्य लज्जेने मंडळीतून दूर होई. ज्या क्षणी त्यास सोबतीची सर्वाधिक गरज, त्याच क्षणी ती सुटत असे.

ही उणीव भरून काढणारा विचार परदेशातून आला. १९३५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेने मद्यासक्ती हा आजार मानला आणि त्यातून सावरणाऱ्यांनीच परस्परांस आधार द्यावा अशी रीत घातली. भारतात तिचे कार्य १९५७ पासून सुरू झाले. तेथे घसरलेल्यासही पुढील सभेत जागा असते. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या अर्थसाह्याने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने वैद्यकीय उपचारांस समुपदेशनाची व समूहचर्चेची जोड दिली. व्यसनमुक्त झालेले मित्रच तेथे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला. कीर्तनातून मद्यप्याच्या बायकोचे दुःख सांगितले जाई; येथे ती स्वतः बोलू लागली, हा फरक लहान नव्हे.

तथापि नव्या पद्धतीसही मर्यादा आहे. शरीरातील विषाचा निचरा काही दिवसांत होतो. मनाची ओढ मात्र दीर्घकाळ टिकते. केंद्रातून बाहेर पडलेला मनुष्य अखेर आपल्या गावी परततो. तेथे तेच सोबती, तेच कर्ज आणि शेजाऱ्यांची तीच संशयी नजर त्याची वाट पाहत असते. पाठपुराव्याची सभा शेकडो मैल दूर असल्यास तिचा उपयोग त्यास कितपत होणार?

सारांश, जुन्या परंपरेपाशी गावातील नित्याची सोबत होती, पण घसरलेल्यास स्थान नव्हते. नव्या उपचारपद्धतीपाशी त्यास स्थान आहे, पण ती सोबत बहुधा शहरातच राहते. या दोहोंचा संगम रोहिणखेडसारख्या गावाच्या चावडीवर व देवळाच्या ओट्यावर होणे हाच खरा प्रश्न होय. जेथे भजनी मंडळ आठवड्यास जमते, तेथे व्यसनातून उठू पाहणाऱ्यांची बैठकही जमू शकते. मात्र पुन्हा पडलेला मनुष्य दाराशी आला, तर त्यास आत घ्यावयाचे, एवढा एक नियम त्या बैठकीने जुन्या रीतीहून वेगळा पाळावयास हवा.