‘इन्फर्नल’ : दिशावाचक शब्दाकडून नरकवाचक विशेषणाकडे

‘इन्फर्नल’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘नरकासंबंधीचा’ किंवा ‘नरकतुल्य’ असा दिला जातो. तथापि, या शब्दाच्या मुळाशी नरकाची कल्पना नाही. ‘खालचा’ एवढाच त्याचा मूळ अर्थ होय. दिशा दर्शविणारा शब्द पापपुण्याचा निवाडा करणारा कसा झाला, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

लॅटिन भाषेतील ‘इन्फेरुस’ म्हणजे खालचा. संस्कृत ‘अधर’ आणि इंग्रजी ‘अंडर’ हे त्याचे सगोत्र शब्द होत. लॅटिन ‘इन्फिमुस’ व संस्कृत ‘अधम’ यांचेही नाते असेच आहे. भूमीखाली वास करणाऱ्या मृतांना रोमन लोक ‘इन्फेरी’ म्हणत. तेथे जाणे ही शिक्षा नव्हती. व्हर्जिलच्या (इ.स.पू. ७०–१९) ‘इनिड’ या महाकाव्याच्या सहाव्या सर्गात पाप्यांचे टार्टारस आणि पुण्यवंतांचे एलिझियम एकाच अधोलोकात आढळतात.

या अर्थाला निर्णायक वळण मिळाले ते ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या भाषांतरातून. संत जेरोमने इ.स. ४०५ च्या सुमारास जुन्या कराराचे हिब्रूवरून केलेले लॅटिन भाषांतर पूर्ण केले. त्यात ‘शेओल’, म्हणजे सर्व मृतांचे निवासस्थान, या शब्दासाठी त्याने अनेक ठिकाणी ‘इन्फेर्नुस’ योजला. मात्र लॅटिन नव्या करारात निर्दय श्रीमंत ज्या ज्वालांत तळमळतो, त्या स्थानासही हाच शब्द आहे. परिणामी विश्राम व यातना यांतील सीमारेषा पुसट झाली.

याचे बोलके उदाहरण म्हणजे उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायातील याकोब. पुत्र योसेफ मरण पावला असे समजून शोकाकुल झालेला हा पिता, आपणही त्याच्याकडे शेओलात जाऊ, असे म्हणतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात विक्लिफच्या प्रेरणेने लॅटिनवरून झालेल्या इंग्रजी अनुवादात तेथे ‘हेल’ हा शब्द आला. कालांतराने या शब्दाचा ‘नरक’ हाच अर्थ रूढ झाल्याने निरपराध पिता वाचकाच्या दृष्टीने नरकगामी ठरण्याचा धोका निर्माण झाला. १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलने तेथे ‘थडगे’ या अर्थाचा शब्द स्वीकारला. मराठी बायबलमधील ‘अधोलोक’ हा प्रतिशब्द मात्र मूळ दिशावाचक अर्थाच्या अधिक जवळ आहे.

उत्तरकालीन लॅटिनमधील ‘इन्फेर्नालिस’ हे विशेषण फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात इंग्रजीत आले. मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ (१६६७) मध्ये सैतानरूपी सर्पास ते लावले. पुढे त्याचा धार्मिक आशय सैल झाला. २४ डिसेंबर १८०० रोजी पॅरिसमध्ये नेपोलियनच्या हत्येसाठी गाडीवर ठेवलेल्या स्फोटकास ‘नारकीय यंत्र’ म्हटले गेले. नेपोलियन बचावला, परंतु रस्त्यावरील निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. नरक आता परलोकात नव्हे, तर मानवी कृतीत दिसू लागला. बोलीभाषेत तर असह्य गोंगाटासही हे विशेषण पुरेसे ठरले.

सारांश, ‘सर्वांत खालचा’ हा ‘अधम’ शब्दही असाच नीतिवाचक झाला आहे. ‘खाली’ असणे आणि ‘वाईट’ असणे यांत मुळात कोणताही तार्किक संबंध नाही. तो समाज जोडतो आणि भाषा टिकविते. म्हणूनच अशा शब्दांचा इतिहास हा समाजाच्या मूल्यकल्पनांचाही इतिहास ठरतो.