क्लेमझिग : एका गावनावाची कुळकथा

ॲडलेडच्या ईशान्येला, टॉरेन्स नदीकाठी, क्लेमझिग नावाचं उपनगर आहे. ऑस्ट्रेलियातली जर्मनांची ही पहिली वसाहत, 1838 सालची. जर्मन पूर्वजांचा माग काढणारी तिथली कितीतरी घराणी याच नावापाशी येऊन पोहोचतात.

हे नाव आलं प्रशियातल्या एका खेड्यातून. तिथे आउगुस्ट काफेल हे लुथेरन पाद्री होते. राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने लुथेरन आणि रिफॉर्म्ड हे दोन पंथ एकत्र करून सर्वांवर एकच उपासनाविधी लादला. ज्यांनी तो नाकारला, त्यांच्या वाट्याला दंड आले, काही पाद्री तुरुंगात गेले. काफेल 1836 मध्ये लंडनला जाऊन जॉर्ज फाइफ अँगस या उद्योजकाला भेटले. अँगस स्वतः श्रद्धाळू होता आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीला कष्टाळू शेतकरीही हवेच होते. त्याने प्रवासासाठी कर्ज दिलं. नोव्हेंबर 1838 मध्ये ‘प्रिन्स जॉर्ज’ जहाजातून काफेल आणि त्यांची माणसं उतरली आणि नव्या वस्तीला त्यांनी आपल्याच गावाचं नाव दिलं. डिसेंबरअखेर ‘झेब्रा’ आलं. त्याचा कप्तान हान याने आपल्या उतारूंसाठी डोंगरात जमीन मिळवून दिली, म्हणून ते गाव झालं हानडॉर्फ. तिथल्या बाया भाजी, लोणी, अंडी घेऊन मध्यरात्री निघत आणि सुमारे 30 किलोमीटर चालत ॲडलेडच्या बाजारात येत. वसाहत उभी राहिली ती या पायपिटीवर, असं मला वाटतं.

वंशावळ शोधणाऱ्याचा खरा आधार म्हणजे चर्चची दप्तरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी जुन्या जर्मन वळणाच्या हस्ताक्षरात आहेत आणि ते वाचायला वेगळं शिकावं लागतं. त्यात 1846 मध्ये काफेल आणि दुसरे पाद्री फ्रिट्शे यांच्यात धर्ममतांवरून फूट पडली. त्यामुळे पूर्वज कोणत्या गटातला, हे आधी ठरवावं लागतं. सरकारी कागदांची अडचण निराळी. इंग्रज कारकुनांनी आडनावं कानाला जशी लागली तशी लिहिली आणि पुढे काहींनी आपणहून श्मिटचं स्मिथ केलं.

सर्वांत मोठा घाव पहिल्या महायुद्धाचा. लुथेरन शाळा बंद झाल्या. 1917 च्या कायद्याने दक्षिण ऑस्ट्रेलियातली जर्मन वळणाची 69 गावनावं पुसली गेली. हानडॉर्फचं ॲम्बलसाइड झालं, लोबेटालचं ट्वीडव्हेल आणि क्लेमझिगचं गाझा, पॅलेस्टाइनमधल्या लढाईच्या नावावरून. ज्यांच्या आज्यापणज्यांनी हा मुलूख कसला, त्यांच्याच गावांची नावं परकी ठरवणं हा उघड अन्याय होता. 1935 मध्ये ही तिन्ही जुनी नावं परत आली.

मूळ गावाचं नाव मात्र परतलं नाही. 1945 नंतर तो प्रदेश पोलंडमध्ये गेला, तिथल्या जर्मनांना घरंदारं सोडावी लागली आणि आज त्या गावाला क्लेंपस्क म्हणतात. तिथलं जुनं लाकडी चर्च अजून उभं आहे.

म्हणून या घराण्यांचं मूळ शोधणाऱ्यांना सांगणं एवढंच : आजच्या जर्मनीच्या नकाशावर अडून राहू नका. आधी जहाजाचं नाव मिळवा, मग पाद्र्याचं, आणि मग पोलंडच्या पश्चिम भागाचा नकाशा उघडा.